न धुतलेलं नाणं

चिंच भिजवल्याचा वास आला की मी आजही त्या खोलीतून उठून जाते. शाळेतल्या माझ्या सहकारी बायकांना वाटतं, मला चिंच बाधते. मीही तसंच सांगत आले आहे. खरं कारण गेल्या आठवड्यापासून माझ्या टेबलावर एका खाकी पाकिटात पडून आहे.

पाकीट मला नानपुऱ्यातून मिळालं. सुरतेच्या या जुन्या भागात, तापीच्या काठाजवळ, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ठाकोरकाका राहत. उन्हाळ्यात ते वारले. त्यांच्या भाचीने, हेतलबेनने, फोन करून सांगितलं, "मामांच्या कपाटात तुमच्यासाठी काहीतरी ठेवलेलं आहे. आम्ही घर रिकामं करतोय, घेऊन जा."

मी गेले. जिन्यात तोच वास होता, नदीच्या गाळाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या कागदांचा. तळमजल्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून होती, माझ्या खांद्याच्या वर. वर खिडकीपाशी आता खुर्ची नव्हती, पण फरशीवर तिच्या चार पायांचे चार फिकट डाग होते. हेतलबेनने पाकीट हातात ठेवलं. त्यावर काकांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात एकच शब्द होता, दीकरी. ते मला याच नावाने हाक मारत. दीकरी म्हणजे मुलगी.

पाकीट हलकं होतं. आत काय आहे ते मला न उघडताच कळलं.

माझं शिक्षण खानदेशात, दोंडाईच्यात झालं. बारावीनंतर मी सुरतेला आईवडिलांकडे आले. वडील पलसाण्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात होते. त्यांचे हात दर आठवड्याला वेगळ्या रंगाचे असत आणि घामालाही त्या रंगाचा आंबूस वास येई. आम्ही कोसाडच्या वसाहतीत राहत होतो. माझी माय, म्हणजे आई, रोज सकाळी नानपुऱ्याला जाऊन दिवेलागणीपर्यंत ठाकोरकाकांकडे स्वयंपाक आणि धुणंभांडी करी. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक, एकटे. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती. त्यांना इंग्रजी वाचून दाखवणारं कोणीतरी हवं होतं. मायने हातातलं लाटणं खाली न ठेवता सांगून टाकलं होतं, "मनी पोर वाचस ना इंग्रजी."

ही 'मनी पोर', म्हणजे तिची पोर, मी, खरं तर अडखळत वाचायची. आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीचे धडे आम्ही तालावर पाठ केले होते, अर्थ नंतर कधीतरी. पहिल्या शनिवारी माझं वाचन ऐकून काका म्हणाले, "दीकरी, हे इंग्रजी आहे की आरती?" मी रडवेली झाले. ते हसले, आणि मग दोन वर्षं त्यांनी माझा एकेक शब्द घासून नीट केला. आज मी मुलांसमोर उभी राहून जे काही बोलते, त्यात त्या शनिवारांचा वाटा आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

काकांकडे नाण्यांची तीन कपाटं होती. मुघलांची, नबाबांची, संस्थानिकांची. पण दर शनिवारी चार वाजता जे बाहेर निघे ते एकच, अमेरिकेतलं, एकोणिसाव्या शतकातलं, तांब्याचं. रुपयापेक्षा मोठं. एका बाजूला केसांना पट्टी बांधलेल्या बाईचं तोंड आणि भोवती तारे. दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड.

"हे चाललेलं नाणं नाही," काकांनी मला पहिल्यांदाच समजावलं होतं. "टांकसाळीत नवं नाणं काढायचं असलं की आधी नमुने पाडतात. साहेबांना दाखवायला. खरं नाणं चांदीचं व्हायचं होतं, हा नमुना तांब्यात पाडला. साहेबांना आवडलं नाही. मग ते नाणं कधी निघालंच नाही. हे असे दोन-चार तेवढे राहिले."

"म्हणजे नापास झालेलं," मी म्हणाले.

"नापास. म्हणून तर लोक जीव टाकतात त्याच्यावर. याने आजवर पैशाची भाजी आणलेली नाही."

शनिवारचा एक विधी होता. मी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, पंखा एकवर आणायचा. मग नाणं दोन बोटांत, फक्त कडेने धरायचं. "तोंडाला बोट लावायचं नाही," काका बजावत. "परक्या बाईच्या गालाला कोणी हात लावतं का?" मग मी ते खिडकीच्या उजेडात न्यायचे आणि काका विचारत, "आज रंग कसा आहे?"

मी सांगायचे, खारकेसारखा. दुसऱ्या शनिवारी, चिकूच्या बीसारखा. कधी काकवीसारखा. गरुडाच्या डाव्या पंखावर वांग्याच्या सालीची जांभळी झाक होती, तीही सांगायचे. काका डोळे मिटून ऐकत. "माझे आजोबा जन्मले नव्हते तेव्हापासून हा रंग चढतोय," ते म्हणत. "घाईने चढत नाही, आणि एकदा उतरला की परत आणता येत नाही."

मग चिठ्ठ्या. पाकिटात पाकीट, त्याच्या आत चिठ्ठ्यांची चळत. हे नाणं ज्यांच्या ज्यांच्या हातात राहिलं त्या प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहिली होती. पहिली अमेरिकेतल्या एका पाद्र्याची, टांकसाळीतल्या मित्राकडून मिळालं म्हणून. दुसरी एका डॉक्टरच्या विधवेची. तिसरी लंडनच्या एका पुस्तकविक्याची. चौथी गुजरातीत, काकांच्या वडिलांची. ते मोत्यांचे व्यापारी, लंडनला जाऊन-येऊन असत. पाचवी काकांची. प्रत्येक चिठ्ठीत दोन गोष्टी होत्या. नाणं कोणाकडून आलं, आणि ते न धुतलेलं आहे. तिसरी ओळ प्रत्येक चिठ्ठीवर वेगळ्या अक्षरात होती, कारण ती ज्याची त्याला लिहिता येत नाही. पुढच्याने लिहायची. हा अमुक वर्षी वारला, नाणं माझ्याकडे आलं.

काकांच्या चिठ्ठीवर ती जागा कोरी होती. मी दर शनिवारी ती कोरी जागा बघायचे आणि चिठ्ठी पटकन घडी करायचे.

"हे नाणं आणि यमराज एकाच रस्त्याने येतात," काका एकदा म्हणाले. "नाणं जरा आधी पोचतं, एवढंच."

चहा घेऊन आलेली माय दारात थांबली. "भाई, दिवाबत्तीना टाइमले असं बोलू नही," ती तिच्या अहिराणी-गुजराती मिसळीत म्हणाली. काका म्हणाले, "बरं बाई, उद्या सकाळी बोलतो." ती हसली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीआधीचा शनिवार. मायने सकाळपासून काकांचं घर साफ करायला काढलं होतं. ओट्यावर मोठ्या वाडग्यात चिंच भिजत होती, बाजूला खडेमीठ आणि नारळाची शेंडी. काकांच्या देवघरातलं सगळं तांबं-पितळ ताटात उतरवलेलं होतं, तांब्या, पळी, ताम्हन, समई. काका दुपारचे झोपले होते. मी तिथेच नाणं काढून बसले होते. तेव्हा त्याला वेळही झाली नव्हती आणि परवानगीही नव्हती. मला पाद्र्याची चिठ्ठी स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायची होती. इतक्यात काकांनी आतून पाणी मागितलं. मी नाणं हाताशी आलेल्या ताम्हनात ठेवलं आणि पाणी न्यायला गेले. काकांनी बसवून घेतलं, कुठल्याशा पत्राबद्दल विचारत राहिले.

परत आले तेव्हा ताम्हन तिथे नव्हतं.

मोरीत माय उकिडवी बसली होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिंचेचं पाणी. तिने मला बघून अंगठा आणि बोटामध्ये नाणं धरून वर केलं, उजेडात, चपाती भाजली का बघतात तसं.

"देख व, कसं चमकी राह्यनं," ती म्हणाली. "धनतेरसनी पूजानं ना हाई? किती काळं पडेल व्हतं."

नाणं गुलाबी झालं होतं. सोललेल्या कातडीखाली दिसतं तसं गुलाबी. गरुडाची जांभळी झाक गेली होती. चिंचेचा, ओल्या तांब्याचा वास माझ्या तोंडात रक्तासारखा आला.

मायची चूक म्हणावी तर आमच्यात दिवाळीला काळं तांबं ठेवणारी बाई आळशी ठरते. तिने ते नाणं मनापासून घासलं होतं, दोन्ही बाजूंनी. ते धुवायचं नसतं हे तिला कोण सांगणार होतं? मी दर शनिवारी घरी जाऊन नाण्याच्या गोष्टी मनात घोळवायचे, तिला सांगायचे नाही. ते माझं एकटीचं शिकलेपण होतं.

मी फक्त म्हणाले, "ते दे इकडे." पुसलं. पाकिटात ठेवलं. चार वाजता काका येऊन खिडकीपाशी बसले.

"आज रंग कसा आहे, दीकरी?"

मोरीत माय ताम्हनावर पाणी ओतत होती. मला काकांचा चेहरा दिसत होता, डोळे मिटलेले, मान थोडी तिरकी, ऐकायला तयार.

"खारकेसारखा," मी म्हणाले.

"आणि पंख?"

"पंखही तसाच."

त्या हिवाळ्यात कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्राचे सर तांब्याबद्दल शिकवत होते. उघडं तांबं हवेतलं काय काय धरतं, घामातलं मीठ त्याला कसं खातं. मी एकही शब्द न गाळता वहीत उतरवून घेत होते. कारण नाणं हळूहळू काळवंडायला लागलं होतं, पण सगळीकडे सारखं नाही. संक्रांतीच्या सुमारास बाईच्या हनुवटीवर एक धुरकट छाया दिसली. मला वाटलं, माझ्या डोळ्यांचा भास. होळीला त्या छायेत रेघा आल्या. अर्धगोल, एकात एक. उन्हं तापली तशा त्या रेघा वर येत गेल्या, हनुवटीपासून गालावर, गालावरून केसांच्या पट्टीपर्यंत. मायचा अंगठा होता तो. मोरीतल्या उजेडात तिने नाणं धरलं होतं तेव्हाचा. मधोमध एक तिरका काप होता, विळीवर लहानपणी लागलेला. तोही उमटला होता.

दर शनिवारी तो अधिक ठळक होई. दर शनिवारी मी म्हणायचे, काकवीसारखा. चिकूच्या बीसारखा.

तेव्हा मुंबईहून पत्र आलं. नाण्यांचे एक मोठे जाणकार होते, काकांचे जुने पत्रमित्र. त्यांना नाणं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, पावसाळा संपला की येतो म्हणाले होते. पत्र मीच वाचून दाखवलं. काकांनी दोनदा वाचायला लावलं. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा झाला होता. "आता मला कोणीतरी सांगेल," ते म्हणाले, "म्हणजे तू सांगतेस ते आहेच."

मला झोप येईना. जाणकार येतील, भिंग लावतील, आणि पहिल्याच क्षणी विचारतील, हा अंगठा कोणाचा? मग मायचं काय होईल? वीस घरांच्या आमच्या गल्लीत कोणाच्या आईवर कामाच्या घरातल्या वस्तूला हात लावल्याचा नुसता संशय आला तरी पुढे तिला कोणी उंबऱ्यात घेत नसे. आणि मी दर शनिवारी काय सांगत आले, तेही बाहेर पडेल. भीती कोणासाठी जास्त होती, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

जाणकारांना माय त्या घरात दिसूच नये म्हणून मी तिला म्हणाले, "आता नानपुऱ्याला जाऊ नकोस. लांब पडतं. तुझे गुडघे दुखतात."

"आन् म्हातारा काय खाई?"

"डबा लावतील. माझी परीक्षा आहे, घरी कोणीतरी पाहिजे."

परीक्षेचं नाव काढलं की माय वाद घालत नसे. तिने पावसाळ्याआधी काम सोडलं आणि गल्लीतल्या बायकांबरोबर घरी साड्यांना खडे चिकटवायला घेतले. आमच्या खोलीत त्या डिंकाचा वास भरला, डोक्यात जाणारा, गोडसर. ती अंगठ्याने एकेक खडा दाबायची. रात्री रॉकेलच्या बोळ्याने बोटं पुसायची, त्यावर पापुद्रे सुटायचे.

काकांनी मला कधी विचारलं नाही की तुझी आई का येत नाही. डब्यातली भाजी ते अर्धी ठेवत. एकदा एवढंच म्हणाले, "खिचडीत ती जिरं जरा जाळायची. हे लोक जाळत नाहीत."

पावसाळा संपत आला. उकाईच्या धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येत, रिक्षावरचा भोंगा काठाकाठाने ओरडत जाई. मी खिडकीतून तापीचं चढणारं मातकट पाणी बघायचे. मनात यायचं, घरात शिरू दे, कपाटं वाहून जाऊ दे. पाणी पायरीपर्यंत आलं आणि परत गेलं. मग मुंबईहून दुसरं पत्र आलं, जाणकारांच्या मुलाचं. वडील गेले. पत्र मी वाचत होते, माझा आवाज नीट लागत होता, आणि आतून मला आनंद झाला होता. एका माणसाच्या मरणाने मी सुटले होते. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा ते तसंच होतं.

काकांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि चाचपडत त्याची घडी घातली. मग म्हणाले, "चला. आता तुझेच डोळे."

पदवी मिळाली, नोकरी लागली. शनिवार पंधरवड्याचे झाले, मग महिन्याचे, मग सणासुदीचे. मी पेढे घेऊन जायचे आणि नाण्याचा विषय निघण्याआधी उठायचे. शेवटची काही वर्षं मी फक्त फोन केला.

पाकीट मी घरी आणून तीन दिवस उघडलं नाही. चौथ्या दिवशी हात धुतले, कोरडे केले, पंखा एकवर आणला. नाणं आता पुष्कळ काळं झालं आहे. अंगठा त्याहून काळा. बाईच्या गालावर कोणी हात ठेवून तो काढायचा विसरला असावा, तसा.

काकांच्या चिठ्ठीत खाली नवी ओळ होती. नजर पूर्ण गेल्यावर लिहिलेली, अक्षरं एकमेकांवर चढलेली. गुजरातीत होती. आंख गया पछी दीकरीनी आंखे जोयुं. रंग असल. धोयेलुं नथी. दृष्टी गेल्यावर मुलीच्या डोळ्यांनी पाहिलं. रंग मूळचा. धुतलेलं नाही.

पाच माणसांच्या पाच खऱ्या चिठ्ठ्या. त्यातली शेवटची माझ्यामुळे खोटी झाली, आणि लिहिणाऱ्याला ते कळलं नाही.

त्याच सकाळी मी मायला घेऊन रेशनच्या दुकानात गेले होते. ती आता सत्तरीला आली आहे. यंत्रावर तिचा अंगठा उठत नाही. दुकानदाराने तीनदा पुसायला लावला, लिंबू चोळून बघा म्हणाला. मग रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं बोलला, "मासी, अंगूठो घेर मूकी आव्यां के शुं?" मावशी, अंगठा घरी ठेवून आलात की काय? लोक हसले. मायही हसली. मी हसले नाही.

संध्याकाळी मी तिला टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. चिंच, खारीक, मुंबईचं पत्र, गुडघे दुखण्याचं निमित्त. शाळेतलं भिंग तिच्या हातात दिलं. तिने नाण्यावर वाकून पुष्कळ वेळ बघितलं.

"हाऊ मना अंगठा शे?"

"हो."

"मशीनले दिखस नही, आन् आठे दिखस." तिने स्वतःचा अंगठा उजेडात धरला. तो गुळगुळीत होता, वापरलेल्या साबणासारखा. विळीचा कापसुद्धा गेलेला. मग ती म्हणाली, "तू माले तवयच काबर नही सांगं?"

"तुझं काम गेलं असतं."

"काम ते गयंच ना." ती भांडत नव्हती. "मी सांगती त्याले, भाई, चुकनं मनं. एक दिन बोलता माले. दुसरा दिन खिचडी मांगता."

 बाहेर गल्लीत कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

मी पेन काढलं. आधी काकांच्या चिठ्ठीवरची कोरी जागा भरली. या उन्हाळ्यात वारले, नाणं माझ्याकडे आलं. मग नवा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं. दिवाळीआधी चिंच-मिठाने धुतलं गेलं. धुणारीला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी पाहिलं, आणि दोन वर्षं दर शनिवारी खोटं सांगितलं. वरच्या चिठ्ठीतली शेवटची दोन वाक्यं माझी आहेत, काकांची नाहीत.

मायला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मनं नाव टाकं का?"

"नको वाटतं का?"

"टाक. आन् अंगठाबी लेय."

शाळेतून आणलेली शाईची डबी मी उघडली. तिने अंगठा दाबला, कागदावर टेकवला, उचलला. निळा, गोल, कोरा डाग. एकही रेघ नव्हती त्यात. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग नाण्याकडे, मग परत कागदाकडे.

"तो खरा," ती म्हणाली, आणि हात धुवायला मोरीत गेली.

कागद मी पंख्याखाली वाळत ठेवला. खाली माझं नाव आहे, आणि नावाखाली दोन बोटं जागा मी मोकळी सोडली आहे. तिथे काय येणार ते मला माहीत आहे. फक्त अक्षर कोणाचं असेल, ते नाही. तेव्हा आत मोरीत पाणी वाहत होतं. माय डाग निघत नाही म्हणून पुन्हापुन्हा घासत होती, आणि काही वेळाने तिने आतून विचारलं, घरात चिंच आहे का.